काळा पडलेला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्या भागातील बहुतेक जुन्या घरांत पाटावर चांदीचे दोन-चार रुपये मांडले जातात. कुणाकडे राणीछाप, कुणाकडे राजाछाप. त्याआधी सकाळी एक काम ठरलेले असते. घरातील सून किंवा लेक चिंच आणि राख घेऊन ते रुपये लख्ख घासते. लोधीखेडा तर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी एकेकाळी नावाजलेले गाव. चिंचेवाचून धातूला तेज नाही, ही समजूत आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. तांब्या-पितळेच्या बाबतीत ती खरीही आहे. चांदीच्या नाण्याचे मात्र त्यात नुकसान होते.

हे ध्यानात आले ते एका वृद्ध बाईंमुळे. सौंसर तहसिलीतील एका खेड्यात त्यांच्या घराची जुनी मातीची भिंत पाडताना आतून तांब्याचा लोटा निघाला. त्यात चाळीसेक रुपये होते. पैकी बरेचसे डांबरासारखे काळे. घरच्यांनी ते बाजारात दाखवले, तेव्हा "यात दम नाही, निम्मे जर्मन आहे" असे सांगून सराफाने मिळेल त्या भावात घेऊन टाकले. उरलेले सात रुपये पदराच्या गाठीत बांधून बाई शाळेत आल्या. "गुर्जी, हे रुपये जळाले का जी?" असा त्यांचा प्रश्न होता.

ते जळालेले नव्हते, खोटेही नव्हते. चांदीला हवेतील प्राणवायू सहसा बाधत नाही. तिचे वैर गंधकाशी. चुलीचा व दगडी कोळशाचा धूर, गटारीची हवा, लोकर, रबर, कांदा, अंडी यांतून गंधकयुक्त वायू निघतो आणि चांदीच्या पृष्ठावर तिचे सल्फाइड तयार होते. हा थर अतिशय पातळ असताना नाणे पिवळसर दिसते. थर वाढला की तांबूस, जांभळे, निळे, आणि शेवटी काळे. साबणाच्या फुग्यावर जसे रंग खेळतात, तसाच हा प्रकार. महत्त्वाची गोष्ट ही की हा काळेपणा बाहेरून बसलेला मळ नव्हे. त्यात नाण्याचीच चांदी आहे. राखेने तो खरवडला की तेवढी चांदी राखेबरोबर मोरीत जाते. पुढल्या वर्षी नवा थर चढतो, तोही आपण खरवडतो. पन्नास दिवाळ्यांनंतर राणीच्या मुकुटावरचे नक्षीकाम सपाट झाले, तर नवल कसले?

बाईंचे सात रुपये मी टेबलावर ओळीने मांडले. दोन संपूर्ण काळे होते. दोन मधोमध स्वच्छ, फक्त कडेला निळसर-काळी वलये असलेले. ते चळतीच्या मध्यभागी असावेत, म्हणजे शेजारच्या नाण्यांनी त्यांची तोंडे झाकली गेली. एकावर बारीक उभ्या-आडव्या रेघा उमटल्या होत्या. भिंगातून पाहिले तर चक्क कापडाची वीण! एकावर लोट्याच्या तांब्याचा हिरवा डाग. सातवा सगळीकडे सारखाच मळकट करडा होता, आणि खरी गोष्ट त्या सातव्यातच होती.

कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आपला जुना तोळाच. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. आपल्या भागात त्याआधी भोसल्यांचा नागपुरी रुपया चाले. त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचे, आणि कंपनीच्या कलदार रुपयापुढे त्याची किंमत कमी. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर कलदारच खरा रुपया ठरला. पुढे महायुद्धात चांदीची ओढाताण झाली आणि १९४० साली सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात मुख्यतः तांबे, थोडे निकेल व जस्त. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट पुन्हा आली, आणि गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे हा गुन्हा ठरवला गेला. जुने चांगल्या चांदीचे रुपयेही टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. मग लोकांनी ते भिंतीत आणि जमिनीत दडवले यात आश्चर्य नाही.

सातवा रुपया १९४४ चा, निम्म्या चांदीचा. म्हणजे लोटा भिंतीत गेला तो १९४४ च्या आधी नव्हे. सराफाने ज्याला जर्मन म्हटले ते या एका नाण्याला थोडेफार लागू पडते. बाकीचे सहा १८७७ नंतरचे, अकरा भाग चांदीचे होते. जे विकले गेले त्यांत काय होते, ते आता कळणे नाही. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही मी त्यांना सांगितले. तोवर उशीर झाला होता.

उलट बाजूही सांगायला हवी. काळे म्हणजे जुनेच, असेही नाही. धनत्रयोदशीच्या सुमारास बाजारात नव्याने ओतलेले राणीछाप रुपये येतात आणि गंधकाची प्रक्रिया करून त्यांना तासाभरात म्हातारे बनवता येते. तेव्हा आधी वजन करावे. साल पाहून मात्र हुरळू नये, कारण १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षे रुपयावर छापले जात होते.

बाईंनी ते सात रुपये देव्हाऱ्यात ठेवले आहेत, न घासता. मी त्यांना सुती कापडात वेगवेगळे गुंडाळायला सांगितले; रबराने बांधले तर काळी रेघ उमटते. संत्र्याच्या बागेसाठी आणलेली गंधकाची पुडी त्याच कपाटात नको. आणि पूजेच्या रात्री फटाक्यांची पिशवी रुपयांच्या पाटाखाली सरकवण्याची आपल्या मुलांना सवय असते, तीही नको. फटाक्याच्या दारूतही गंधक असतेच.