तपासणी सरकारची, चष्मा आईबापांचा

१९०७ च्या कायद्याने इंग्लंडमधील प्राथमिक शाळांत वैद्यकीय तपासणी अनिवार्य झाली. लंडनमध्ये 'मठ्ठ' ठरलेल्या काही मुलांना मुळात फळाच नीट दिसत नव्हता! परंतु सक्ती होती ती दोष शोधण्याची, उपचारांची नव्हे. १९०९ च्या कायद्याने तर उपचारांचा खर्च ऐपतदार पालकांकडून वसूल करण्यास सांगितले. गोदीत रोजंदारीवर राबणाऱ्या बापाची ऐपत रोज निराळी. ती मोजायची कशी? १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने चष्मे मोफत केले. १९५१ मध्ये चष्मे व कवळ्यांवर शुल्क लावण्याचे ठरताच, ही सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. मुलांचे साध्या चौकटीचे चष्मे मात्र त्या शुल्कातून वगळण्यात आले.