तटबंदी, रिंगरोड आणि कडोलीचा कोबी

बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलने भरतात. उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा आणि कडोली. सकाळी ग्रंथदिंडी निघते. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, लेझीम खेळणारी पोरे, टाळकरी, आणि मागून पागोटेवाले म्हातारे. शहरातल्या संमेलनांत वक्त्यांपेक्षा श्रोते कमी असतात, इथे मात्र मांडव भरून लोक बाहेर उभे राहतात. ज्या भाषेसाठी यांच्या तीन पिढ्या झगडल्या, ती ऐकायला माणसे येणारच. आम्हा गोमंतकीय लेखकूंना तिथले बोलावणे आले की माहेरचे बोलावणे आल्यासारखे वाटते.

असाच एका जानेवारीत कडोलीला गेलो होतो. साखळी-केरी करून चोर्ला घाट चढलो. पुढे कणकुंबी, जांबोटी, पिरनवाडी करीत बेळगावात शिरलो आणि तिथून कंग्राळीच्या वाटेने मार्कंडेय नदी ओलांडून कडोलीला पोहोचलो. दुपारच्या सत्रापूर्वी पाय मोकळे करायला शिवाराकडे वळलो. दोन्ही बाजूंना कोबी, फ्लॉवर, मिरची. पाण्याचे पाट झुळझुळत होते. एका बांधावर साठीच्या पुढचे एक गृहस्थ कोबीची पोती शिवत बसले होते. 'काका, माल कुठे जातो?' असे विचारले.

'गोव्याला की ओ सर. आणि कुटं?' म्हणाले. मी गोव्याचाच, हे कळल्यावर त्यांनी सुई-दोरा बाजूला ठेवला, माझ्याकडे नीट पाहिले आणि हसत हसत विचारले, 'तुमच्या गोव्याला भाजीबी आमच्या शेतातलीच पायजे, आन् गोव्याला जायाचा रस्ताबी आमच्याच शेतातनं पायजे व्हय?'

मला उत्तर सुचले नाही. संमेलनातली भाषणे आता विसरलो आहे. तो प्रश्न मात्र विसरलेलो नाही. काका बोलत होते ते बेळगावच्या रिंगरोडबद्दल.

रिंगरोड हा शब्द आपल्याकडे सर्रास रुळला असला तरी त्याचा जन्म कुठला, हे पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. या शहराला तुर्कांनी १५२९ मध्ये आणि १६८३ मध्ये असे दोनदा वेढे घातले. त्या धास्तीने शहराभोवती भक्कम तट उभा राहिला. तटाबाहेर तोफांच्या माऱ्याला आड येऊ नये म्हणून रुंद पट्टा मोकळा राखला होता, तिथे घर बांधायला बंदी. पुढे तोफा बदलल्या, लढायांची रीत बदलली आणि तट निरुपयोगी झाला. सम्राट फ्रान्झ जोसेफ याने १८५७ मध्ये तो पाडण्याचा हुकूम काढला आणि त्या जागी झाडांच्या रांगांचा प्रशस्त वर्तुळाकार रस्ता आखला. १८६५ त त्याचे उद्घाटन झाले. त्याच रस्त्यावर पुढे संसद, विद्यापीठ, ऑपेरा आणि बागा उभ्या राहिल्या. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, तो रस्ता तटाच्या आणि सरकारी मोकळ्या जागेवर झाला. कोणाचे कसते शेत त्यात गेले नाही.

बेल्जियममधल्या अँटवर्पची कथाही अशीच सुरू होते. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या तटबंदीच्या पट्ट्यावर १९६० च्या दशकात त्यांनी मोटारींचा रिंगरोड केला. पण काळ मोटारींचा होता. झाडांच्या रांगा असलेल्या फेरफटक्याच्या रस्त्याऐवजी धूर आणि गोंगाट यांचा एक नवाच तट शहराभोवती उभा राहिला. अलीकडचे लोक अलीकडे, पलीकडचे पलीकडे. पुढे सरकारने हे वर्तुळ पुरे करण्यासाठी एका भल्यामोठ्या पुलाची योजना आणली, तेव्हा लोक उठले. २००९ च्या जनमत चाचणीत बहुसंख्यांनी पूल नाकारला. पण ते 'नको' म्हणून थांबले नाहीत. रस्ता जमिनीखाली न्या, त्यावर छत घाला आणि छतावर बागा करा, असा पर्यायी आराखडा नागरिकांनीच पुढे ठेवला. २०१७ मध्ये सरकार आणि नागरिक संघटना यांच्यात तसा करार झाला आणि ते काम टप्प्याटप्प्याने सुरू आहे.

माद्रिदने तर हे करूनही दाखवले. तिथला एम-३० हा रिंगरोड १९७० च्या दशकात मान्सानारेस नदीच्या दोन्ही काठांनी नेला होता. शहराला नदी होती, पण नदीकडे जायला वाट नव्हती. २००४ ते २००७ या काळात नदीकाठचा सुमारे सहा किलोमीटरचा भाग बोगद्यांत घातला गेला. वर माती टाकली, झाडे लावली, पादचाऱ्यांसाठी पूल बांधले. २०११ पर्यंत माद्रिद रिओ हे उद्यान पुरे झाले. सोळाव्या शतकातला सेगोव्हियाचा दगडी पूल, जो मोटारींच्या गर्दीत घुसमटला होता, तो पुन्हा मोकळ्या हवेत आला. या उपद्व्यापासाठी शहराने अब्जावधी युरो खर्चिले आणि कर्जाचा मोठा डोंगर डोक्यावर घेतला. एकदा घालवलेली हिरवळ परत आणायची तर तिला एवढा भाव पडतो.

आता बेळगावकडे येऊ. बेळगावचा किल्ला रट्टांच्या काळातला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा. त्याचा खंदक आजही पाहता येतो. १८१८ साली मन्रोने वेढा घालून तो घेतला आणि इंग्रजांनी इथे छावणी वसवली. किल्ला पूर्वेला, मध्ये पेठ, पश्चिमेला कॅम्प, अशी शहराची रचना. पुढे रेल्वे आली, दक्षिणेला टिळकवाडी वाढली आणि रेल्वेच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गेटवर ताटकळणे बेळगावकरांच्या अंगवळणी पडले. पुणे-बेंगळुरू महामार्ग किल्ल्याजवळून जातो आणि गोव्याचा रस्ता शहरातून फुटतो. म्हणजे व्हिएन्नासारखा पाडायला मोकळा तट बेळगावभोवती नाही. शहराभोवती आहे ते शिवार.

याच शिवारातून सुमारे ७० किलोमीटरच्या रिंगरोडची आखणी झाली. त्यासाठी तालुक्यातल्या ३० हून अधिक गावांतली बाराशे एकरांवर जमीन लागणार, म्हणून ओरड झाली. उचगाव, तुरमुरी, बेळगुंदी, आगसगे, काकती, होनगा या गावांबरोबर कडोलीचे नावही त्या यादीत आले. बहुतेक अल्पभूधारक कुटुंबे. पिढ्यान्पिढ्या वाटण्या होत होत कोणाकडे एकर, तर कोणाकडे वीस गुंठे. त्यातून पट्टा गेला की राहते ती दोन तुकडे झालेली चिंधी. नोटिसा आणि जाहिराती कन्नडमध्ये, आणि वाचणारे मराठी, ही तक्रार निराळीच. लोकांनी हरकती दाखल केल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये बैलांचे चाबूक हातात घेऊन बेळगावात मोर्चा काढला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये होनगा ते झाडशहापूर या सुमारे ३४ किलोमीटरच्या पश्चिम भागाची कोनशिलाही बसली.

आता आपण गोवेकरांनी मध्ये बोलण्याचे कारण काय? कारण आहे, आणि ते जुने आहे. रामघाटाने वंजाऱ्यांचे तांडे गोव्याचे मीठ वर नेत आणि घाटमाथ्याचे धान्य खाली आणीत. बेळगावात रामघाट रोड हे नाव अजून आहे. १९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि हा व्यवहार तुटला. घाटाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर पिकणारा बटाटा बंद झाला आणि सालाझारच्या राजवटीने तो बोटीत घालून नेदरलँडहून आणला! आमच्या घरातली वडीलधारी माणसे त्या बटाट्याच्या गोष्टी सांगत. मुक्तीनंतर घाट पुन्हा वाहू लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाल्या, तेव्हा आपण भाजीच्या एका पिशवीसाठी कसे हवालदिल झालो होतो, ते आठवून पाहावे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर आपण स्वस्तात भाजी घेतो, तीही बरीचशी बेळगावचीच असते.

आणि रस्ताही आपलाच. हलगा-मच्छे बायपास हा साडेनऊ किलोमीटरच्या आसपासचा तुकडा पुण्या-बेंगळुरूच्या महामार्गाला पणजीच्या महामार्गाशी जोडण्यासाठी आखला गेला. तो शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारातून जातो. इथला बासमती प्रसिद्ध. भात कापले की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात तिथे यंत्रे उतरली, तेव्हा उभ्या पिकापुढे रडणाऱ्या बायांची छायाचित्रे मी वर्तमानपत्रांत पाहिली. न्यायालयातही हे प्रकरण वर्षानुवर्षे हिंदकळत राहिले. तो रस्ता जिकडे जातो त्या टोकाला आपण उभे आहोत.

रस्ता नकोच, असे माझे म्हणणे नाही. बेळगावच्या शाळा सुटण्याच्या वेळी अवजड ट्रक शहरातून जाताना ज्याने पाहिले आहेत, तो तसे म्हणणार नाही. मुद्दा कसा आणि कुठून, हा आहे. हा विचार गोव्याला नवा नाही. मडगावच्या पश्चिम बगलरस्त्याच्या वेळी बाणावलीच्या लोकांनी हेच सांगितले होते, की सखल शेतांतून मातीचा भराव घालू नका, रस्ता खांबांवर न्या. भराव म्हणजे धरणच. पावसाचे पाणी एका अंगाला तुंबते, दुसऱ्या अंगाला शेत सुकते. पट्ट्याच्या पलीकडचे आपलेच रान कसायला शेतकऱ्याला मैलभर वळसा पडतो. बेळगावात असलेले रस्ते रुंद करता येतील का, आखणी माळरानाकडे सरकवता येईल का, निदान बैलगाडीला आणि पाण्याला वाट राहील का, हे आधी विचारायचे प्रश्न आहेत. अँटवर्पच्या लोकांनी रस्ता झाल्यावर चाळीस वर्षांनी विचारले. माद्रिदने तीस वर्षांनी विचारले आणि कर्ज काढून उत्तर दिले. कडोलीचे लोक आधीच विचारीत आहेत. त्यांना विकासाचे वैरी ठरवण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा.

माद्रिदने बोगद्यावर माती पसरून उद्यान केले, ते सुंदरच असणार. पण उद्यानाची माती ट्रकने आणता येते. मार्कंडेयकाठची ही जमीन नदीने आणि माणसांच्या कष्टांनी शतकानुशतके घडवलेली आहे. तशी एक बिघाही कोणी पुन्हा करून देणार नाही.

संमेलन आटोपून निघताना काकांनी दोन कोबी पिशवीत घालून दिले. पैसे घेईनात. 'घरी न्या, आन् लिवा काय तरी,' म्हणाले. रात्री चोर्ला उतरताना भाजीचे टेम्पो एकामागोमाग एक आमच्या पुढे चालले होते. सकाळी म्हापशाच्या बाजारात त्यांच्यातल्याच एखाद्यातला कोबी आपण घासाघीस करून घेणार होतो. कोबीचे पैसे देऊन आपला हिशेब पुरा होतो, असे मला पूर्वी वाटायचे. आता वाटत नाही. काकांनी सांगितले म्हणून हे लिहिले.