ती तशीही घरीच असणार: ब्रिटनमधल्या एका भत्त्याची गोष्ट

संशोधनाला सुरुवात करू पाहणाऱ्यांना सरकारी कागद बहुधा रुक्ष वाटतात. कलम, पोटकलम, अपवाद, रक्कम. यात वाचायचं काय? म्हणून आज एकच योजना घेऊ आणि तिच्यातलं एकच पोटकलम नीट वाचू. योजना ब्रिटनमधली. नाव इन्व्हॅलिड केअर अलाउन्स. घरातल्या गंभीर आजारी किंवा अपंग माणसाची पूर्ण वेळ काळजी घेणाऱ्याला सरकारने दर आठवड्याला काही पैसे द्यायचे, अशी ती योजना. 1975 च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टमध्ये तिची तरतूद झाली आणि जुलै 1976 पासून ती लागू झाली.

अटी वरवर सरळ होत्या. ज्याची काळजी घ्यायची त्याला अटेंडन्स अलाउन्स मिळत असला पाहिजे. हा वेगळा भत्ता, खुद्द अपंग व्यक्तीला मिळणारा, 1971 पासून सुरू झालेला. काळजी घेणाऱ्याने आठवड्याला किमान 35 तास दिले पाहिजेत. तो नात्यातला असला पाहिजे (ही अट 1981 मध्ये गेली). आणि त्याला कमाईची नोकरी नसली पाहिजे. इथपर्यंत ठीक. मग येतं कलम 37 चं पोटकलम 3. नवऱ्यासोबत राहणाऱ्या विवाहित स्त्रीला हा भत्ता नाही. लग्न न करता एखाद्या पुरुषासोबत नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या स्त्रीलाही नाही. विवाहित पुरुषाला मात्र आहे.

इथे जरा थांबा. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं, लकवा मारलेल्या नवऱ्याचं, जन्मापासून अपंग असलेल्या मुलाचं सगळं कोण करतं? ब्रिटन असो की आणखी कुठे, यातलं बरंचसं काम विवाहित बायकाच करत होत्या. म्हणजे काळजी घेणाऱ्यांसाठी योजना काढली आणि काळजी घेणाऱ्यांचा मोठा गट दारातच अडवला. परिणामी पहिली दहा वर्षं हा भत्ता फक्त काही हजार लोकांपर्यंत पोचत राहिला.

कारण काय दिलं होतं? सप्टेंबर 1974 च्या श्वेतपत्रिकेत ते अगदी थोडक्यात आलंय. विवाहित स्त्री तशीही घरीच असण्याची शक्यता असते, असा त्याचा आशय. बस्स. त्यावर ना आकडेवारी, ना लांबलचक युक्तिवाद. संशोधक म्हणून मला अशी वाक्यं फार मोलाची वाटतात. ज्या गोष्टीसाठी पुरावा द्यावा असं सरकारला वाटतच नाही, ती गोष्ट त्या काळात सगळ्यांनी गृहीत धरलेली असते.

आपल्याकडे सेमिनारमध्ये या टप्प्यावर ‘पितृसत्ताक राज्यसंस्था’ असा शिक्का मारून पुढच्या स्लाइडवर जायची सवय आहे. शिक्का चूक नाही. पण त्याने फारसं काही उलगडत नाही. कारण ही श्वेतपत्रिका काढणाऱ्या खात्याच्या मंत्री होत्या बार्बरा कॅसल. 1970 चा समान वेतन कायदा आणणाऱ्या त्याच त्या. 1975 मध्येच ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदाही झाला. त्याच वर्षी कॅसल यांच्याच खात्याने पेन्शनचा नवा कायदा आणला. मुलं किंवा अपंग व्यक्ती सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्यांची मूळ पेन्शन त्या वर्षांमुळे बुडू नये, अशी सोय त्यात होती, आणि ती 1978 पासून लागू झाली. म्हणजे एकच सरकार, एकच खातं, एकच वर्ष. पेन्शनच्या कायद्यात घरातली काळजी दिसते आणि भत्त्याच्या कायद्यात विवाहित बाई दिसत नाही. एकाच शिक्क्याने या दोन्ही गोष्टींचं उत्तर कसं मिळणार?

माझ्या मते उत्तर भत्त्याच्या जन्मकथेत आहे. मेरी वेबस्टर नावाच्या एक चर्चमधल्या धर्मोपदेशिका होत्या. 1954 मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्यासाठी त्यांनी काम सोडलं. 1963 मध्ये त्यांनी या प्रश्नाबद्दल वर्तमानपत्रांना पत्रं लिहायला सुरुवात केली. अविवाहित मुलगी आईवडिलांसाठी नोकरी सोडते, तिचा पगार जातो, पुढची पेन्शन जाते, आणि आईवडील गेल्यावर ती पन्नाशीत रिकाम्या हाताने उरते, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यासारख्याच असंख्य बायकांकडून प्रतिसाद आला आणि 1965 मध्ये संघटना उभी राहिली. तिचं नाव नीट वाचा: नॅशनल कौन्सिल फॉर द सिंगल वुमन अँड हर डिपेंडंट्स. सिंगल वुमन, म्हणजे अविवाहित स्त्री. 1967 मध्ये या गटाला प्राप्तिकरात सवलत मिळाली. वेबस्टर 1969 मध्ये गेल्या, पण भत्त्याची मागणी पुढे चालू राहिली.

या मागणीचं सगळं वजन ‘पगार गेला’ या गोष्टीवर होतं. ते साहजिकही होतं. त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्याला ‘काळजी घेणं हे काम आहे, त्याचे पैसे द्या’ हे पटवणं अवघड. ‘हिने नोकरी सोडली, उत्पन्न बुडालं, भरपाई द्या’ हे पटवणं तुलनेने सोपं, कारण आजारपणाचा भत्ता आणि बेकारी भत्ता याच तत्त्वावर चालत होते. म्हणून इन्व्हॅलिड केअर अलाउन्स घडला तो बुडालेल्या पगाराची जागा भरणारा भत्ता म्हणून. काळजीची किंमत म्हणून तो घडला नाही. आणि पगार बुडाला असं कोणाबाबत म्हणायचं? ज्याने एरवी पगार मिळवला असता त्याच्याबाबत. श्वेतपत्रिकेच्या दृष्टीने विवाहित बाई त्यात बसत नव्हती. तिचा पगार नवरा आणतो, ती तशीही घरीच.

गंमत अशी की 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रिया नोकरी करत होत्या. कायदा ज्या घराची कल्पना करत होता ते घर कायदा छापून होईपर्यंतच जुनं झालं होतं.

याच गृहीतकाचं आणखी एक भावंड आहे, ते शोधताना चुकवू नका. 1977 मध्ये अपंग विवाहित स्त्रियांसाठी वेगळी पेन्शन आली. अपंग पुरुषाने किंवा अविवाहित स्त्रीने ‘मी नोकरी करू शकत नाही’ एवढं दाखवलं की पुरे. विवाहित स्त्रीला मात्र ‘मी घरकामही करू शकत नाही’ हे दाखवावं लागे. म्हणजे भाजी चिरता येते का, कपडे धुता येतात का, याची चौकशी. ती योजना 1984 मध्ये बंद झाली. दोन्ही योजना शेजारी शेजारी ठेवल्या की लक्षात येतं, 37 (3) हे मसुदा लिहिणाऱ्याच्या हातून अनवधानाने राहून गेलेलं पोटकलम नव्हतं. पद्धतच तशी होती.

आता एका शब्दाबद्दल. ‘केअरर’ हा शब्द आज ब्रिटनमध्ये सर्रास वापरतात, पण या अर्थाने तो रुळला 1970-80 च्या दशकांत. मराठीत अजूनही आपली पंचाईत होते. काळजीवाहू म्हटलं की सरकार आठवतं, परिचारिका म्हटलं की हॉस्पिटल. ब्रिटनमध्ये या शब्दामागे माणसं होती. ज्युडिथ ऑलिव्हर, स्वतः विवाहित, अपंग नवऱ्याला सांभाळणाऱ्या. 1981 मध्ये त्यांनी असोसिएशन ऑफ केअरर्स काढली. नावातून ‘अविवाहित’ गेलं, ‘स्त्री’ही गेलं. आता मुलगी, बायको, सून, नवरा, शेजारी सगळे एका शब्दाखाली येऊ शकत होते. 37 (3) विरुद्ध बोलायला अशी जागा हवीच होती, कारण ‘सिंगल वुमन’च्या नावाने उभ्या राहिलेल्या संघटनेच्या चौकटीत विवाहित बाईचं गाऱ्हाणं मावतच नव्हतं. 1988 मध्ये ही नवी संघटना आणि वेबस्टर यांच्या परंपरेतली जुनी संघटना एकत्र आल्या. तीच आजची केअरर्स यूके.

पण पोटकलम पडलं ते कोर्टात. जॅकलिन ड्रेक या मँचेस्टरजवळ राहणाऱ्या विवाहित बाई, पूर्ण वेळच्या, अर्ध्या वेळच्या अशा नोकऱ्या करत आलेल्या. जून 1984 मध्ये त्यांची गंभीर अपंग आई त्यांच्याकडे राहायला आली आणि त्यांनी काम सोडलं. म्हणजे ‘ती तशीही घरीच’ हे इथे सरळसरळ खोटं होतं. 5 फेब्रुवारी 1985 ला त्यांनी भत्त्यासाठी अर्ज केला. तारीख पाहा. सामाजिक सुरक्षेत स्त्री-पुरुष समानता आणणारा युरोपीय समुदायाचा निर्देश 79/7 डिसेंबर 1978 चा, आणि तो अमलात आणायची मुदत 23 डिसेंबर 1984 ला संपलेली. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी हा अर्ज. पाठीशी चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप होता.

प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं (खटला क्रमांक 150/85). मुद्दे दोन. भत्ता विवाहित पुरुषाला आहे आणि विवाहित स्त्रीला नाही, तर हा लिंगभेद आहे का? यावर फारसा वाद होण्यासारखं नव्हतं. खरी मेख दुसऱ्या मुद्द्यात होती. निर्देश अपंगत्वापासूनच्या संरक्षणाबद्दल बोलतो, पण इथे पैसे अपंग व्यक्तीला मिळत नाहीत, तिची काळजी घेणाऱ्या धडधाकट व्यक्तीला मिळतात. मग निर्देश लागू होतो का? न्यायालयाचं म्हणणं असं की अपंगत्व नसतं तर हा भत्ताही नसता, तो मुळात त्या अपंग व्यक्तीच्याच हितासाठी आहे. पैसे दुसऱ्याच्या हातात देऊन निर्देशातून सुटका करून घेता येणार नाही. 24 जून 1986 ला निकाल ड्रेक यांच्या बाजूने लागला.

आणि ब्रिटिश सरकारने त्याच्या आदल्या दिवशी, 23 जूनला, जाहीर करून टाकलं की हा भत्ता आता विवाहित स्त्रियांनाही मिळेल! सवलत 22 डिसेंबर 1984 पासून मागे जाऊन लागू केली. दहा वर्षं जे जमत नव्हतं ते निकालाच्या चोवीस तास आधी जमलं. 37 (3) रद्द झालं ते संसदेच्या कायद्याने, त्यामुळे नुसत्या कायद्याच्या पुस्तकात पाहाल तर हा सरकारचा उदारपणा वाटेल. तारखा शेजारी मांडल्या की चित्र पालटतं. हॅन्सार्ड, म्हणजे संसदेच्या चर्चांचं इतिवृत्त, आणि युरोपीय न्यायालयाचे निकाल दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एखाद्या दुपारी दोन खिडक्या उघडून हे जरूर करून पाहा.

ड्रेक यांचा खटला चालू होता त्याच 1985 सालच्या जनरल हाउसहोल्ड सर्व्हेमध्ये सरकारने पहिल्यांदा लोकांना विचारलं, तुम्ही एखाद्या आजारी, अपंग किंवा वृद्ध व्यक्तीची काळजी घेता का? उत्तर आलं सुमारे 60 लाख. त्यात सुमारे 35 लाख स्त्रिया आणि 25 लाख पुरुष. पुरुषांचा आकडा अनेकांना अनपेक्षित होता. मात्र 60 लाख या आकड्यात आठवड्यातून काही तास मदत करणारेही आहेत. आठवड्याला 20 तास किंवा जास्त देणारे होते 14 लाखांच्या आसपास. आकडा वापरण्याआधी प्रश्नावली वाचा, एवढं यातून घ्या.

तर मग 1986 ला गोष्ट संपली? नाही. वगळणारं पोटकलम गेलं, पण ज्या तत्त्वातून ते निघालं होतं ते तिथेच राहिलं. भत्ता अजूनही बुडालेल्या पगाराचाच आहे. 2003 मध्ये त्याचं नाव केअरर्स अलाउन्स झालं आणि आज तो दहा लाखांच्या आसपास लोकांना मिळतो. तरी नियम पाहा. सरकारी पेन्शन भत्त्याइतकी किंवा जास्त असेल तर भत्ता हातात पडत नाही, कारण सरकारच्या हिशेबी दोन्ही उत्पन्नाच्या जागी दिलेले पैसे, आणि एका जागी दोनदा पैसे कसे द्यायचे? 80 वर्षांची बाई 82 वर्षांच्या नवऱ्याला रात्रंदिवस सांभाळत असली तरी हेच. इंग्लंडमध्ये आठवड्याला 21 तास किंवा जास्त शिक्षण घेत असाल तर भत्ता नाही, आई अंथरुणाला खिळलेली असली तरी.

सगळ्यात जाचक कमाईची मर्यादा. एप्रिल 2025 पासून भत्ता आठवड्याला 83.30 पौंड होता आणि कमाईची मर्यादा 196 पौंड. 35 तासांनी भागलंत तर तासाला अडीच पौंडांहून कमी पडतात. कमाई मर्यादेपेक्षा एका पौंडाने जरी वाढली तरी त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो, एक पौंड नव्हे. अर्धवेळ नोकरी करणाऱ्या हजारो लोकांकडून अशी ‘जादा दिलेली’ रक्कम कित्येक महिन्यांनी, वर्षांनी परत मागितली गेली. 2024 मध्ये त्यावर इतका गदारोळ झाला की सरकारला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. वर्तमानपत्रांनी त्याला प्रशासनाची बेपर्वाई म्हटलं, आणि ती होतीही. पण वसुलीच्या नोटिसा ज्या नियमावर निघाल्या तो 1976 चाच: कमावत असाल तर तुमचा पगार बुडालेला नाही, मग भरपाई कसली? 37 (3) ने विवाहित बाईला विचारलेला प्रश्न आता सगळ्यांना विचारला जातो.

स्कॉटलंडने नोव्हेंबर 2023 पासून आपल्याकडे केअरर सपोर्ट पेमेंट हा वेगळा भत्ता टप्प्याटप्प्याने आणला. पूर्ण वेळ शिकणाऱ्या बऱ्याच जणांना तो मिळू शकतो. 35 तासांची अट आणि कमाईची मर्यादा तिथेही आहे.