मंदिरात वाहिलेले मूल घरी परतते

आमच्या कारध्यात काय आणि नदीपलीकडच्या भंडाऱ्यात काय, सिस्टर लोकांविषयी एक मत पक्के बसले आहे: या बायांनी संसार सोडला. म्हणणारा आदरानेच म्हणतो. पण कॅथलिक घरांतही २ फेब्रुवारीचा, बाळ येशूला मंदिरात वाहिल्याचा सण याच अर्थाने साजरा होतो. जग सोडून देवाच्या झालेल्यांचा हा दिवस, त्यांना फुले द्यावीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि आपण आपल्या संसाराला लागावे. हे मत मला मान्य नाही, कारण ज्या प्रसंगाचा हा सण आहे, तो प्रसंगच या मताच्या विरुद्ध साक्ष देतो.

समजूत कुठून आली असावी, हे उघड आहे. भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकर तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या मागे निघाले. आपला देश, आपले गाव, आपले सोयरे यांचा संबंध तोडणे हा महानुभाव संन्यासाचा पाया. विदर्भात विरक्त माणूस म्हटला की हेच चित्र डोळ्यांसमोर येते. त्या आचाराची थोरवी वादातीत आहे. मात्र त्याच्या मापाने दुसऱ्या परंपरेतला सण मोजला, तर सणाचा गाभा हातून निसटतो.

आता संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा. नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन जेरुसलेमच्या मंदिरात येतात. ऐपत असलेल्याने कोकरू द्यावे आणि नसलेल्याने पारव्यांची किंवा होल्यांची जोडी द्यावी, असा लेवीय पुस्तकाचा नियम होता. या घराने जोडी दिली. म्हणजे समर्पण करणारे कोण, तर एक गरीब संसारी जोडपे. बाळाला हातांत घेणारा शिमोन याजक होता असे लूक कुठेही म्हणत नाही. तिथेच भेटणारी हन्ना सात वर्षे संसार केलेली, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. साऱ्या प्रसंगात एकाही याजकाचे नाव येत नाही.

विरुद्ध पक्षाकडे एक भक्कम दाखला आहे, जुन्या करारातल्या शमुवेलाचा. त्याच्या आईने नवस फेडला, दूध तुटल्यावर मुलाला शिलो येथील मंदिरात नेले आणि याजक एलीपाशी कायमचे ठेवले. समर्पण म्हणजे हेच, असे ते म्हणतील. लूकच्या मनात ही कथा होती हे अभ्यासक मानतात. मरियेच्या स्तोत्रावर शमुवेलाच्या आईच्या गीताची छाया स्पष्ट आहे. म्हणूनच दोन कथा जिथे वेगळ्या होतात, ती जागा नीट पाहिली पाहिजे. शमुवेल मंदिरात राहतो. येशू नासरेथला परत जातो, आणि तिथे वाढतो, सुतारकामाच्या घरात, तीस वर्षांचा होईपर्यंत.

आणखी एक बारकावा आहे. प्रथम जन्मलेला मुलगा देवाचा, म्हणून पाच शेकेल भरून त्याला सोडवून घ्यावे, असे गणना पुस्तक सांगते. लूक पक्ष्यांची जोडी नोंदवतो, पाच शेकेलांचा उल्लेखही करत नाही. मला तरी यात हेतू दिसतो: हे मूल देवाकडून सोडवून घेतलेलेच नाही, ते पुरते देवाचे आहे. तरी ते घरी जाते. सणाचा आध्यात्मिक अर्थ मी इथे शोधतो.

मग सिस्टरांची ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रते काय नुसती नावाची? मुळीच नाही. त्याग खरा असतो आणि तो दुखतो; शिमोन मरियेला जिवातून आरपार जाणाऱ्या तलवारीची गोष्ट त्याच मंदिरात सांगतो. याच फेब्रुवारीत आमच्या शिवारात उन्हाळी धानाची रोवणी चालू असते. पऱ्हे खणताना मुळे तुटतात, पण खणायचे ते बांधीत रोवण्यासाठी. व्रतांचेही तसेच. मठाच्या भिंतीआड राहणाऱ्यांचे काय, असेही कोणी विचारील. हन्ना मंदिर सोडून जात नसे, तरी बाळ दिसताच मुक्तीची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना तिनेच त्याच्याविषयी सांगितले.

इतिहासातून एकच माणूस पुढे करतो, कारण तो आपल्या भाषेचा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. व्रते घेतलेल्या या माणसाचे घर आणि देश सुटले, हे खरे. पण त्या व्रतांनीच त्याला साष्टीच्या गावांत नेले, मराठी ओवी शिकवली, आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले. जगाकडे पाठ फिरवलेला माणूस परक्या लोकांच्या भाषेत इतका खोल उतरत नाही.

चर्चनेही जगापासून पळण्याचा अर्थ कधी उचलून धरला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजाने बजावले आहे की समर्पित माणसे इतरांना परकी किंवा या जगाला निरुपयोगी होतात असे कोणी समजू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ पासून २ फेब्रुवारी हा समर्पित जीवनाचा दिवस ठरवला, तेव्हा तीन हेतू सांगितले. या जीवनाच्या देणगीबद्दल देवाचे आभार मानणे हा पहिला, आणि समर्पितांनी एकत्र येऊन सण साजरा करणे हा तिसरा. मधला सरळ आपल्याला उद्देशून आहे: साऱ्या श्रद्धावंतांनी हे जीवन समजून घ्यावे. फुले देऊन तो पुरा होत नाही.

त्या दिवशीचा विधीही पाहा. लोक चर्चच्या दाराबाहेर जमतात, मेणबत्त्या पेटतात, आशीर्वाद होतो आणि सगळे मिळून आत जातात. सिस्टर आणि ब्रदर तेवढे पुढे आणि बाकीचे प्रेक्षक, असे त्यात काही नाही. आशीर्वादित मेणबत्ती अनेक कुटुंबे घरी नेतात, आजारपणात, मरणाच्या वेळी लावतात.

म्हणून कॅथलिक आईबापांना माझी विनंती आहे. उद्या तुमची पोर या वाटेने जायचे म्हणाली, तर ‘घर सोडून चालली’ म्हणून रडायला बसण्याआधी लूकचा दुसरा अध्याय वाचा. शिमोनाच्या स्तोत्रापाशी थांबू नका, चाळिसाव्या वचनापर्यंत वाचा. आणि २ फेब्रुवारीच्या मिस्साला सिस्टरांना शुभेच्छा द्यायला म्हणून नव्हे, स्वतःची मेणबत्ती घेऊन या.