बीड जिल्ह्यातील दवाखाने आणि उपकरणांची निगा

काचेची सिरिंज वापरात होती तोवर दवाखान्यातील उपकरणांची निगा म्हणजे मुख्यतः उकळण्याचे काम होते. बीड जिल्ह्यातही, इतरत्र होते तसेच, ते कंपाउंडर किंवा नर्सच्या वाट्याला येई. नळी आणि दट्ट्या वेगळे करून, गॉजमध्ये गुंडाळून गार पाण्यात ठेवायचे आणि मगच स्टोव्ह पेटवायचा. उकळत्या पाण्यात एकदम टाकलेली काच तडकते. एकीचा दट्ट्या दुसरीत घट्ट बसत नसे, म्हणून जोडीवर सारखा क्रमांक असे. सुईच्या पोकळीतून बारीक तार फिरवायची, बोथट टोक दगडावर घासून पुन्हा धारदार करायचे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असले की काचेवर पांढरा थर चढे आणि दट्ट्या अडकू लागे.

या कष्टांनाही मर्यादा होती. नुसत्या उकळण्याने काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ ते २० मिनिटे द्यावी लागते. गर्दीच्या दिवशी उकळण्यात घाई झाली, तर एकाची कावीळ दुसऱ्याला लागण्याचा धोका असे. सरकारी लसीकरणात २००५ नंतर एकदाच वापरता येणारी एडी (ऑटो-डिसेबल) सिरिंज आली. कंपाउंडरची ही कला मागे पडली, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले, अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये. मोठ्या रुग्णालयाबरोबर विजेवर चालणारी, हाताने उघडून दुरुस्त न होणारी यंत्रे वाढत गेली. वीज तयार करणाऱ्या या जिल्ह्याला भारनियमन मात्र चुकले नाही. २०१५ मध्ये तर पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले.

विजेच्या या लहरीपणाशी जुळवून घेणारे यंत्र म्हणजे लसींचा आयएलआर (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर). १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानंतर शीतसाखळी प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पसरली. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतील बर्फाच्या आवरणामुळे या फ्रीजमधील तापमान २ ते ८ अंशांत राहते. त्याची निगा साधी, पण रोजची: भिंतीपासून थोडे अंतर, सपाट बैठक, स्टॅबिलायझर, बर्फ साचल्यावर डीफ्रॉस्ट आणि दिवसातून दोनदा तापमानाची नोंद. रविवारी नोंद राहून गेली, तर लस बिघडल्याचे बाटलीकडे पाहून सहसा कळत नाही.

सोनोग्राफी यंत्राला या जिल्ह्यात वेगळाच इतिहास लाभला. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्यातील हे सर्वांत कमी प्रमाण. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा प्रसूतिपूर्व निदानाचा १९९४ चा कायदा आधीपासून होता, पण या आकड्यानंतर त्याचा धाक वाढला. यंत्र नोंदणीकृत केंद्रालाच विकता येते, यंत्र किंवा जागा बदलायची तर आधी कळवावे लागते, नोंदणी नसलेले यंत्र सील होऊन जप्त होते. त्यामुळे प्रोब स्वच्छ ठेवण्याइतकेच एफ फॉर्म आणि रजिस्टर नीट ठेवणे हा सोनोग्राफीच्या व्यवसायाचा भाग बनला.

खासगी दवाखाने दुरुस्तीसाठी कंपनीशी वार्षिक करार करतात. त्याला सगळे एएमसी म्हणतात. सरकारी यंत्रांचा हिशेब उशिरा लागला. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पाहणीत २९ राज्यांत सुमारे ४,५६४ कोटी रुपयांची साडेसात लाखांवर उपकरणे आढळली; राज्यानुसार त्यांतील १३ ते ३४ टक्के बंद होती. त्यावर २०१५ मध्ये देखभालीचे काम कंत्राटाने देण्याचा कार्यक्रम आखला गेला. यंत्र चालू राहण्याचे प्रमाण जिल्हा रुग्णालयात किमान ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के असावे, असे त्यात ठरले. म्हणजे ज्या केंद्रात पर्यायी यंत्र असण्याची शक्यता सर्वांत कमी, तेथे ते वर्षातून ७३ दिवस बंद राहिले तरी उद्दिष्ट पूर्ण झाले असे धरले जाते. ही उतरंड उलटी हवी होती.