लाल विंचू आणि बिरवाडीच्या नोंदी



पावसाळा जवळ आला की आपल्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. घरातला कोळी विषारी आहे की नाही, हे ओळखायचे कसे? भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला की आपण सगळ्याच झाडू शोधतो. म्हणून आज त्याच प्रश्नापासून सुरुवात करू. मात्र उत्तर शोधताना आपल्याला कोळ्याच्या एका भाऊबंदाकडे आणि कोकणातल्या एका लहान सरकारी दवाखान्याकडे जावे लागेल.

आधी कोळ्याचे पाहू. रात्री भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी झुरळे खातो. कधी कधी त्याच्या पोटाखाली पांढरी चकती दिसते. ती मादी असते आणि ती चकती म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी. किडे मारण्यापुरते विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असते. पण आपल्या घरात नेहमी दिसणाऱ्या कोळ्यांच्या चाव्याने माणूस दगावत नाही. फार तर थोडी सूज येते, दुखते. सूज वाढत गेली तर डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात अंगावर जळजळणारे फोड आले की आपण म्हणतो, कोळी फिरला. बऱ्याचदा ते फोड दिव्यावर येणाऱ्या एका बारीक नारिंगी-काळ्या किड्याच्या रसाने येतात. तो किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

मग भ्यायचे कुणाला? विंचवाला. कोळी आणि विंचू एकाच कुळातले, दोघांनाही आठ पाय. पण विंचवातही आपली भीती चुकीच्या घरी राहायला गेलेली आहे. मोठी, काळी, जाड आकड्यांची इंगळी पाहून आपण ओरडतो. तिचा डंख फार दुखतो, पण जिवाला धोका सहसा होत नाही. खरा घातक आहे तो दोन-तीन इंचांचा, तांबूस रंगाचा, बारीक आकड्यांचा लाल विंचू. दिसायला किरकोळ, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. एक खूण लक्षात ठेवा: आकडे बारीक आणि शेपटी भरीव, तो विंचू जास्त वाईट.

विंचवाची कळ आपल्या लोकांना पूर्वीपासून माहीत आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी विंचवावर भारूड रचले. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे. पण ती कळ ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती, म्हणूनच ते भारूड घरोघरी पोहोचले. गावोगावी विंचू उतरवणारेही होते. मंत्र टाकला, पाला चोळला की काही तासांत माणूस बरा व्हायचा. खरे तर बहुतेक डंखांची कळ काही तासांनी आपोआपच ओसरते. त्यामुळे श्रेय मंत्राला मिळायचे. लाल विंचवाचे विष अंगात भिनलेला माणूस मात्र दगावायचा आणि मग म्हणायचे, त्याचे दिवसच भरले होते.

कोकणात असे दिवस भरलेले फार होते. जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू घरे, सरपणाचे ढीग, भाताचा पेंढा या सगळ्या जागा विंचवाला मानवतात. पावसाआधीच्या उकाड्यात आणि पुढे भातकापणीच्या सुमारास डंख वाढतात. गोवऱ्या काढणारी बाई, जमिनीवर झोपलेले लेकरू, अनवाणी चालणारा गडी यांनाच तो जास्त भेटतो. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी इथल्या विंचूदंशाबद्दल इंग्लंडच्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. त्या काळात विष भिनून गंभीर झालेल्या शंभर रुग्णांमागे पंचवीस ते तीस दगावत. नेमके काय बिघडून माणूस मरतो आणि त्यावर काय द्यायचे, याचा खात्रीचा मार्ग डॉक्टरांकडेही नव्हता.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव डॉ. हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातले, नागपूरला शिकलेले. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. आरोग्य केंद्रात विंचू चावलेले रुग्ण येत. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून पाहत आणि लिहून ठेवत. डंख कधी झाला, उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी आहे, रक्तदाब किती, दम केव्हा लागला.

या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या नसा एकदम चेकाळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर भार येतो. हृदय थकले की फुप्फुसात पाणी भरते. रुग्णाला दम लागतो, खोकला येतो, तोंडाला गुलाबी फेस येतो. हे सगळे होण्याआधी शरीर इशारा देते, तो म्हणजे उलटी आणि दरदरून घाम. १९८२ साली लंडनच्या 'द लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. बावस्करांनी ही लक्षणे मांडली.

पुढे पोलादपूरच्या दवाखान्यात काम करताना त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली. ही रक्तदाबाची गोळी होती, आधीपासूनच बाजारात मिळणारी. विष रक्तवाहिन्या आवळते, ही गोळी त्या सैल करते. तिला मोठे यंत्र लागत नाही, शहरातले रुग्णालय लागत नाही. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांच्या नावाने १९८६ साली हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गोळी वेळेवर मिळू लागल्यावर गंभीर रुग्णांतले मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. नंतर विंचवाच्या विषावरची लसही आली. या दांपत्याने महाडला ७० रुग्णांवर तुलना केली आणि ती २०११ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि लस दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. २०२२ साली डॉ. हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

मैत्रिणींनो, या इतिहासातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आपल्याला सवय आहे की शहाणपण शहरातून गावात येते. इथे उलटे झाले. विंचवाचे हे शहाणपण एका खेड्यातल्या खाटेपाशी बसून मिळाले आणि तिथून जगभर गेले. आणि त्या नोंदींची सुरुवात कुणाच्या तरी सांगण्यातूनच झाली असणार. रुग्णाला आणणारी आई, सासू, शेजारीणच तर सांगते की डंख कधी झाला आणि उलटी कितीदा झाली. आपल्या सांगण्यावर डॉक्टरांचा पहिला निर्णय ठरतो. म्हणून नीट पाहणे आणि नीट सांगणे हे बाईचे मोठे काम आहे.

तेव्हा घरात विंचू चावला तर एवढे करा. घड्याळ पाहा, वेळ लक्षात ठेवा. माणसाला आडवे करा, धीर द्या, चालवत नेऊ नका. जागा साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. मोठ्या माणसाला उलटी झाली, घाम सुटला, हातपाय गार पडले किंवा छाती धडधडू लागली तर एक क्षणही थांबू नका. ठणका कमी आहे म्हणून धोका कमी, असे समजू नका. विष भिनलेल्या रुग्णाला कधी कधी डंखाच्या जागी फारसे दुखत नाही. प्राझोसिनची गोळी घरी आपल्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला झोपवूनच द्यायची असते.

चावूच नये म्हणून काय करावे, तेही ऐका. चप्पल आणि कपडे झटकून घाला. सरपण, गोवऱ्या, कौले उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. लाकडाचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका. अंथरूण झाडून घाला, लेकरांना खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपवा. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या. रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल हवीच. आणि भिंतीवरच्या त्या मोठ्या कोळ्याला झुरळे खाऊ द्या.

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या. दोघी-तिघींनी आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: विंचूदंशाची गोळी आहे का, लस आहे का, रात्री डॉक्टर कोण असतात? रात्री निघू शकेल अशा गाडीवाल्याचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा नंबर प्रत्येकीच्या चुलीजवळच्या भिंतीवर लिहा. या गोळीचा अनुभव १९८६ सालीच छापून आला. ती आपल्या गावच्या कपाटात आहे की नाही, हे आपण विचारल्याशिवाय कळणार नाही.