हवेचा रकाना कुठे आहे?

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या देगावच्या (ता. रिसोड) निवासी शाळेत ३२७ पैकी २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले. संसर्ग आणला कोणी, हा प्रश्न कुणालाही सुचतो. संशोधकाने पुढचा विचारावा: आत आल्यावर तो एवढा पसरला कसा?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडा. इमारतीच्या निकषांत वर्गखोल्या, वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण सगळं आहे. खिडक्या नाहीत. एका खोलीत किती मुलांनी झोपायचं, तेही नाही. याला इतिहास आहे. १९९५ ची पोषण आहार योजना, २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा शिजवलेल्या अन्नाचा आदेश... आपल्याकडे शाळेतलं आरोग्य म्हणजे आधी भूक आणि पाणी. ते बरोबरही होतं, पण हवा राहून गेली.

म्हणून लगेच ‘कोंदट हवेमुळे’ असं लिहून मोकळं होऊ नका. खाटांमधलं अंतर, खिडक्या, चाचण्यांच्या तारखा हाती नसतील तर तो अंदाजच. पण जे निकषात नाही ते सहसा मोजलंही जात नाही. प्रबंधाचा विषय शोधताय ना? असे न मोजलेले रकाने शोधा.